चौकशीच्या खिडकीत विचारपूस

पंचगंगेला पाणी वाढू लागले की कोल्हापुरातली माणसे भेटल्यावर आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ‘किती फुटावर हाय?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर असते आणि पुष्कळदा त्याने ते तासाभरापूर्वी वाचलेलेही असते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. तरीही दुधाच्या रांगेत, रिक्षात, जिन्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, कारण तेवढ्या शब्दांत तुमच्या गल्लीत पाणी शिरले का, जनावरे हलवली का, म्हाताऱ्या माणसांना कुणाकडे पाठवले, हे सगळे विचारून होते. ऑगस्ट 2019 मध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली, त्या दिवसांत हा प्रश्न न विचारता कुणी कुणाला ओलांडून गेल्याचे मला आठवत नाही.

बोलण्याच्या प्रकारांना नावे देताना मराठीने हात आखडता घेतलेला नाही. हितगुज करायचे असते आणि हुज्जत घालायची असते, गप्पा मारल्या जातात आणि चकाट्या पिटल्या जातात, घासाघीस उघड्यावर चालते तर खलबत दार लोटून. प्रत्येक प्रकाराचे क्रियापदसुद्धा ठरलेले आहे आणि मराठी बोलणारा माणूस त्यांची कधी अदलाबदल करत नाही. शास्त्रकारांनीही ही वर्गवारी केली होती. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडून काढणारी ती वितंडा. यांतल्या जल्पाला आपण विसरलो आणि वितंडेला ‘वितंडवाद’ म्हणून घरात घेतले, हे आपल्या स्वभावाला धरूनच झाले. चरकसंहितेत वैद्यांच्या आपसांतल्या चर्चेचे दोन भाग केले आहेत, सलोख्याने होणारी संधाय संभाषा आणि विरोधाने होणारी विगृह्य संभाषा. या वर्गवाऱ्यांचा निकष एकच आहे, तो म्हणजे बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवे आहे.

मला मात्र आज याहून घरगुती जोडी हवी आहे, चौकशी आणि विचारपूस. दोन्ही शब्दांत विचारणे आहे, पण चौकशी उत्तर मिळाले की संपते आणि ते उत्तर कुणी दिले याला फारसे महत्त्व नसते. विचारपुशीत उत्तर दुय्यम असते. ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येणार हे दोघांनाही ठाऊक असते, तरी तो प्रश्न कुणी विचारला आणि कुणी विचारला नाही, हे माणसे वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1923 मध्ये या दुसऱ्या प्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. काही बोलणे विचार पोहोचवण्यासाठी नसतेच, शब्दांच्या नुसत्या देवाणघेवाणीतून ते माणसांना बांधून ठेवते, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे ज्याची सासू एकदा तरी ‘आमची साधी विचारपूसही केली नाही’ म्हणून रुसली आहे, त्याला हे सिद्धान्ताविना समजते.

रोजच्या जगण्यात हे दोन प्रकार सुटे सापडत नाहीत, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. कपिलतीर्थ मंडईत ‘मेथी कशी दिली?’ या चौकशीला ‘वीसला. पोरगीचा ताप उतरला का?’ असे उत्तर येते, आणि त्या दोन वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम कुठे घालायचा हे व्याकरणाला सांगता येणार नाही. ताप उतरला नसेल तर पुढचे वाक्य डॉक्टरविषयी असते, आणि मेथीची जुडी तोवर पिशवीत गेलेली असते. 2016 मध्ये यूपीआय आले आणि पुढे काही वर्षांत याच गाड्यांवर एक डबा ठेवलेला दिसू लागला. तो पैसे जमा झाल्याचे खणखणीत आवाजात सांगतो आणि गिऱ्हाईक पुढे सरकते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली याचे मलाही सुख आहे, पण व्यवहार पुरा झाल्याचे पूर्वी माणसाने माणसाला सांगावे लागत असे आणि त्या निमित्ताने एक वाक्य जास्त बोलले जाई, तेवढे गेले. मंडईपुरते हे नुकसान मी सोसायला तयार आहे. भाजीवाली हुशार असते, ती डब्यावर मात करून बोलतेच.

सार्वजनिक कार्यालयांत मात्र हे नुकसान सोसण्यासारखे नाही आणि माझा मुद्दा तिथे आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सरकारी कचेऱ्या, बँका, वीजबिल भरणा केंद्रे आणि मोठी रुग्णालये यांनी आपल्या दारातल्या बोलण्यातून विचारपूस वेगळी काढली, ती फालतू ठरवली आणि उरलेली चौकशी फलकावर, संगणकावर किंवा ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या आवाजावर सोपवली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला, त्याने सेवांना मुदती बांधून दिल्या आणि अर्ज घरबसल्या करता येऊ लागले. हे चांगलेच झाले, आणि या सोयी मागे घ्याव्यात असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: आपला प्रश्न नेमका काय आहे हे नागरिकाला दारात येण्याआधीच ठाऊक असते. माझे म्हणणे असे की, ज्याला मदतीची खरी गरज असते त्याला नेमके हेच ठाऊक नसते, आणि त्याचा प्रश्न त्याच्याशी बोलल्याशिवाय सापडत नाही. म्हणून खिडकीवरचे बोलणे हेच एक काम आहे आणि ते कामाच्या हिशेबात धरले पाहिजे.

माझ्या आत्याचे उदाहरण सांगतो. तिचे यजमान जिल्ह्यातल्या एका सरकारी खात्यात शिपाई होते. त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला बोटांच्या ठशांवर देण्याची सोय 2014 च्या नोव्हेंबरपासून सुरू झाली आणि लाखो वृद्धांची पायपीट तिने वाचवली. आत्याची मात्र वाढवली. एका कार्यालयात आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने अंगठा ठेवला, मग एकेक बोट ठेवले, यंत्राने नकार दिला आणि काउंटरवरच्या माणसाने ‘मॅच होईना, पुन्हा या’ असे सांगितले. मी शिकलेला माणूस सोबत होतो आणि मी काय केले, तर ‘कधी येऊ?’ अशी चौकशी केली. त्याने मला वार सांगितला. आमचे संभाषण निर्दोष होते आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

तिसऱ्या खेपेला मी नव्हतो. खिडकीवर नवीन मुलगी होती आणि गर्दी नव्हती. आत्याने नंतर सांगितले ते असे. मुलीने विचारले, ‘मावशी, कुठनं आलासा?’ आत्या म्हणाली, ‘वडणगेस्नं.’ ‘म्हंजे आमच्या मामाच्या गावच्या की!’ मग कुठल्या गल्लीतल्या, कुणाच्या कोण, असे दोन मिनिटे चालले. यंत्राने पुन्हा नकार दिला तेव्हा मुलीने आत्याचा हात उलटा करून पाहिला आणि विचारले, ‘बोटं अशी कशानं झाली?’ आत्या म्हणाली, ‘तीस वरसं गुऱ्हाळावर चिपाडं पसरली, पोरी. रेघा ऱ्हातील कशाला?’ त्या वाक्यासरशी प्रश्न सुटला. दोष यंत्राचा नव्हता, वेळेचा नव्हता, बोटांवर रेघाच नव्हत्या, आणि पुन्हा येऊन त्या उगवणार नव्हत्या. कागदावर सहीशिक्क्याचा दाखला अजूनही चालतो, हे मुलीने तिला सांगितले आणि नमुना काढून दिला. आत्याने विचारले, ‘हे आधी का न्हाई कुणी सांगितलं?’ मुलगी म्हणाली, ‘तुम्ही विचारलं नसंल.’ घरी आल्यावर आत्या माझ्यावर चिडली होती. ‘त्येंनी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं की मी,’ एवढेच ती म्हणत राहिली.

गुऱ्हाळावर किती वर्षे काम केले, असा रकाना हयातीच्या दाखल्यावर नाही आणि असण्याचे कारणही नाही. कुठलाही अर्ज असे सगळे रकाने ठेवू शकणार नाही. ती माहिती ‘कुठनं आलासा’पासून सुरू झालेल्या गप्पांच्या वाटेने बाहेर आली, आणि ती वाट कार्यक्षमतेच्या हिशेबात अपव्यय म्हणून नोंदली जाते.

समोरासमोरच्या बोलण्यात हे कसे घडते यावर गेल्या अर्धशतकात बारकाईने काम झाले आहे. 1974 मध्ये सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले की, साध्या गप्पांतही कुणी कधी बोलायचे याची शिस्त असते आणि ती कुणी वरून लादलेली नसते, बोलणारेच ती वाक्यागणिक सांभाळतात. 2009 मध्ये जगभरातल्या 10 भाषांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, असे त्यात दिसले. एवढ्या थोड्या वेळात वाक्य जुळवता येत नाही, म्हणजेच ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच उत्तराची तयारी करत असतो आणि बोलणारा त्याच्या चेहऱ्यावर ती तयारी वाचत असतो. उत्तराला थोडा जरी उशीर झाला, तरी ‘काहीतरी अडले आहे’ हे न बोलता कळते. अर्जाला उशीर कळत नाही. तो रिकाम्या रकान्यासमोर तासभर थबकलेल्या माणसाकडे त्याच थंडपणे पाहत राहतो.

त्याहून मला मोलाचे वाटते ते दुरुस्तीवरचे संशोधन. 12 भाषांतल्या गप्पांची ध्वनिचित्रमुद्रणे तपासून 2015 मध्ये काही भाषाशास्त्रज्ञांनी दाखवले की, सरासरी दीड मिनिटाच्या आत एकदा तरी कुणीतरी समोरच्याला थांबवून ‘काय म्हणालात?’, ‘कोण?’, ‘म्हणजे मंगळवारीच ना?’ असे काही विचारतेच. त्याच गटातल्या काहींनी त्याआधी, 2013 मध्ये, आपल्या ‘आँ?’ सारखा उद्गार एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांतही जवळजवळ त्याच रूपात सापडतो हे मांडले होते. त्यांना त्याबद्दल 2015 चे इग् नोबेल मिळाले. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, आणि इथे ते योग्य जागी गेले. ‘आँ?’ ही असभ्य मानली गेलेली एक अक्षरी हाक म्हणजे बोलण्यातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. फलकाला ती मारता येत नाही. ध्वनिमुद्रित आवाजाला मारली, तर तो सगळा पाढा पहिल्यापासून म्हणतो.

एका व्यवसायाने हे ओळखून निदान अभ्यासक्रमात तरी जागा दिली आहे. 1984 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत आढळले होते की, रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. 2017 मध्ये 67 देशांतल्या आकडेवारीचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक तपासणीला मिळणारा वेळ बांगलादेशात 48 सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे होता, आणि भारत बांगलादेशाच्याच बाजूला, दोन मिनिटांच्या आसपास होता. आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा भाग सक्तीचा झाला. डॉक्टरला बोलणे शिकवावे लागते हे मान्य असेल, तर तलाठ्याला, बँकेतल्या कारकुनाला आणि वीज कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाला ते आईच्या दुधातून मिळते असे आपण का धरून चालतो?

आता या सगळ्याच्या विरोधात जो आक्षेप येईल, तो हलका नाही. खिडकीवरच्या गप्पांतूनच वशिला जन्मतो. ‘आमच्या मामाच्या गावच्या’ म्हटल्यावर आत्याचे काम झाले, मग ज्याचे गाव कुणाच्याच मामाचे नाही त्याचे काय? बोलण्यात जात कळते, शिक्षण कळते, पैसा कळतो, आणि त्यानुसार ‘या साहेब’ किंवा ‘काय पाहिजे गं?’ हे क्षणात ठरते. कोल्हापुरी ‘तू’ प्रेमाचा असतो असे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, पण कचेरीत तो कुणाच्या वाट्याला येतो आणि कुणाच्या येत नाही, हे एकदा मोजून पाहावे. संगणक सगळ्यांना सारखाच कोरडा असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या खिडकीवर अपमान झेललेल्या माणसाला हा कोरडेपणा सन्मानासारखा वाटला, तर त्यात नवल नाही. ज्या कट्ट्यांच्या गप्पांवर आपण जीव टाकतो, ते कट्टे बायकांचे कधीच नव्हते. आणि चहाच्या टेबलावरच्या गप्पांना तर या शहरात इतिहासच आहे: दलित माणसाच्या हातचा चहा कुणी पीत नसे त्या काळात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः राजर्षी शाहू महाराजांना जाऊन चहा मागावा लागला, सोबतच्यांना पाजावा लागला, तेव्हा कुठे त्या बाकावर बसून बोलणे इतरांना शक्य झाले. बोलणे हे नैसर्गिकपणे सर्वांसाठी खुले असते असे निदान कोल्हापूरकराने तरी म्हणू नये.

आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा ‘बोलणेच बंद करा’ हा उपाय मला पटत नाही. याचे उत्तर आपल्या गुळाच्या बाजारात आहे. देशातल्या अनेक बाजारांत पूर्वी भाव ठरवण्याची एक मुकी रीत होती. अडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकत आणि त्याखाली बोटे दाबून आकडे सांगत. ज्याचा माल विकला जाई तो शेतकरी शेजारीच उभा असे आणि त्याला काही कळत नसे. त्यात लबाडी होती हे उघडच आहे. बाजार समित्यांचे नियमन आले तेव्हा लबाडी थांबवण्यासाठी भाव बोलण्यावर बंदी घातली गेली नाही, उलट तो मोठ्याने बोलायला लावला. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी, अडते, हमाल यांचा घोळका रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीमागून थप्पीकडे सरकत असतो, बोली सगळ्यांच्या कानावर पडते, आणि पुढे शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी येते. या रीतीतही भाव पाडले जातात आणि त्यावरून सौदे बंद पडतात, भांडणे होतात. पण भांडता येते, कारण काय बोलले गेले ते सगळ्यांनी ऐकलेले असते.

खिडकीलाही हीच रीत लावता येईल. तिथे माणूस असावा, त्याने सगळ्यांदेखत बोलावे, प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणावे आणि जे सांगितले त्याची पट्टी द्यावी: कशासाठी आला, काय सांगितले, पुढे कुणाकडे जायचे, एवढ्या तीन ओळी, तारीख आणि सही. आत्याच्या पहिल्या खेपेला अशी पट्टी लिहावी लागली असती, तर ‘मॅच होईना’च्या पुढे काहीतरी लिहिणे भाग पडले असते आणि तिथेच त्या माणसाला पुढचा प्रश्न सुचला असता. तोंडी बोलण्याला लेखी रूप देण्याची जबाबदारी सरकारवर टाकणे आपल्या कायद्याला नवे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, ज्याला लेखी विनंती करता येत नाही त्याने तोंडी सांगितलेली विनंती लिहून काढायला माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे. गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी पोलिसाने ती लिहून घेऊन वाचून दाखवायची असते. ही तरतूद जुन्या फौजदारी संहितेत होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. चोरीची फिर्याद तोंडी चालते, मग रेशनकार्डावरच्या चुकलेल्या नावाची का चालू नये?

दुसरी सुधारणा हिशेबाची. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे काम दिवसात किती टोकने संपवली यावर मोजले जाते, तोवर दोन मिनिटे जास्त बोलणारी मुलगी आळशी ठरणार आणि आत्याला दोनदा परत पाठवणारा माणूस कार्यक्षम. एकाच कामासाठी माणसाला किती खेपा पडल्या, हे मोजायला सुरुवात केली तर दोघांची जागा बदलेल. याला नवे यंत्र लागत नाही, टोकनावर आधीच्या खेपेचा क्रमांक लिहिला की पुरे.

शाळांनाही यात थोडे करता येईल. आपल्याकडे बोलणे शिकवणे म्हणजे वक्तृत्व स्पर्धा, आणि बिंदू चौकातल्या सभांचा अभिमान असलेल्या या शहरात ढालीही भरपूर आहेत. सात मिनिटे कुणी मध्ये न बोलता बोलत राहणे, ही मोठेपणी फारच थोड्यांच्या वाट्याला येणारी चैन आहे. अनोळखी माणसाला नीट प्रश्न विचारणे, त्याचे ऐकून दुसरा प्रश्न काढणे आणि न समजल्यास न लाजता ‘आँ?’ म्हणणे याला कुठल्याच शाळेत ढाल नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. प्रत्येक कार्यालयात एक जादा माणूस बसवायला पैसे नाहीत असे सांगितले जाईल, आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. मग निदान एक करावे. आपल्या बहुतेक चौकशीच्या खिडक्यांना काच असते आणि काचेला बोलण्यासाठी पाडलेले भोक आतल्या बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्याच्या पोटाशी येते. त्यामुळे बाहेरचा माणूस कमरेत वाकून, मान वर करून आणि एक कान काचेला लावून बोलतो. सत्तर वर्षांची बाई अशा अवस्थेत आपल्या बोटांवरच्या रेघांची गोष्ट सांगणार नाही, ती विचारलेल्याचे उत्तर देऊन लवकरात लवकर ताठ होईल. काचेच्या बाहेर एक स्टूल ठेवले, तर दोघांची तोंडे एका उंचीवर येतात.